झिजलेल्या चपलांचे ठसे

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना नमस्कार केला, की ते आधी तुमच्या पायाकडं बघायचे. नमस्काराला उत्तर नंतर. चष्मा नाकावर ढकलून, जरा वाकून, नीट निरखायचे आणि विचारायचे, "ही कधी टाकणार?"

'ही' म्हणजे पायातली स्लीपर. नवी असली की त्यांचा चेहरा पडायचा. वरची नक्षी पायानं घासून पार सपाट झालेली असली, की खूश. "फेकू नका हां. माझ्याकडं आणून द्या. लय कामाची हाय." एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं. साहेबांच्या पायात बूट होते, म्हणून निभावलं.

मानवत आणि वालूर यांच्या मधल्या एका गावात आमची शाळा आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच राहतो आणि पुढंही तिथंच राहायचंय. मी गणिताचा मास्तर, त्याच गावचा. सर परभणीहून रोज एस.टी.नं यायचे. त्यांचंही नाव सांगणार नाही. का ते पुढं कळेल.

चित्रकलेचा मास्तर म्हणजे शाळेत काय असतो, हे तुम्हीही पाहिलंय. पंधरा ऑगस्टला फळ्यावर रंगीत खडूनं झेंडा काढायचा, पाहुणे आले की स्वागताचा फलक लिहायचा, आणि कुणी रजेवर असलं की त्याचा तास सांभाळायचा. सरांनी हे सगळं विनातक्रार केलं. पण आठवड्यातले दोन तास ते कुणालाही देत नसत. मी एकदा म्हटलं, "सर, दहावीची भूमिती राहिलीय, आजचा तास द्या." तर म्हणाले, "तुमची भूमिती हजार वर्सं थांबली, एक तास अजून थांबंल. माझी शाई वाळायलीय." आता याला काय बोलणार.

त्या दोन तासांत ते पोरांना ठसे कोरायला शिकवायचे. त्यासाठी एक खास रबरासारखा पत्रा मिळतो म्हणे, पण तो पुण्या-मुंबईकडं. आमच्याकडं काय मिळतं, तर स्लीपर. प्रत्येक घरात, न्हाणीपाशी, गोठ्याशी, उकिरड्यावर. सरांनी पोरांकरवी त्या गोळा करवल्या. पट्टे काढायचे, सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, कडा कापून चौकोनी करायच्या. कोरायला छत्रीच्या मोडक्या काड्या. ती काडी आतून पन्हाळीसारखी असते, तिचं टोक घासून धार लावली आणि बाभळीची मूठ बसवली, की झाली कोरणी. पोळ्या लाटायच्या लाटण्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, की तो शाई फिरवायचा रोलर. छापखान्यातली काळी शाई ते परभणीहून डब्यात आणत. कागद ठशावर ठेवला, की वरून घासायला खिचडीची पळी.

या पळीवरून रोज वाद. खिचडी करणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहायच्या, "सर, माझी पळी द्या, पोरं उपाशी हायत." सर म्हणायचे, "मावशी, दोन मिनिटं. एवढा बैल होऊ द्या." मावशी पदर खोचून बैल होईस्तोवर थांबायच्या, आणि झाला की म्हणायच्या, "शिंगं बारीक झाली." मग पळी घेऊन जायच्या.

पहिल्या दिवशी झालेली गंमत सांगतो. ठशाचं गणित उलटं असतं. जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं राहतं, जे ठेवाल ते काळं उमटतं. पोरांना हे कुठं ठाऊक. एका पोरानं मोठ्या हौसेनं बैल कोरला, तो कागदावर आला काळ्या रानात पांढराशुभ्र. सगळा वर्ग हसला. पोरगं कान पाडून बसलं. सरांनी कागद उचलून उजेडाकडं धरला आणि विचारलं, "तुमच्या घरी बैल कोणत्या रंगाचा हाय रं?"

"पांढरा हाय, सर."

"मग चुकलं कुठं? बरोबर तर आलाय."

असं त्यांचं. चूक सापडली, की ते तिच्यासाठी काम शोधत. स्लीपरला पट्ट्यांची तीन भोकं असतात, अंगठ्यापाशी एक आणि मागं दोन. ती ठशात पांढरे ठिपके होऊन उमटायची आणि पोरं हिरमुसायची. सर म्हणायचे, "भोक दडवायचं न्हाई. त्याला कामाला लावायचं." मग त्या भोकाचा कुणी चंद्र करायचं, कुणी विहीर, कुणी माशाचा डोळा. एका पोरीनं तर तीन भोकांची चूल मांडली होती.

गावात अर्थातच चेष्टा व्हायची. लग्नात कुणाची चप्पल गेली, की लोक म्हणायचे, "चित्रकलेच्या सरांकडं बघून या." सर हसायचे. मीही त्यांना छळायचो. स्टाफरूममध्ये माझी चप्पल बाकाखाली सरकवून म्हणायचो, "दडवतो बाबा, नाहीतर संध्याकाळपर्यंत हिच्यावर मोर नाचंल."

आमची धाकटी ऋतुजा तेव्हा आठवीत होती. अभ्यासात बेताची. गणिताच्या मास्तरची पोरगी गणितात पस्तीस आणते, म्हणजे माझी काय इज्जत राहत असेल ते तुम्हीच बघा. पण ती कोरायला बसली, की सर बाकीच्यांना सोडून तिच्यामागं येऊन उभे राहायचे. एकदा मला हाताला धरून घेऊन गेले. "बघा. हिचा हात भीत न्हाई. भ्यालेला हात सटकतो, बोटाला लागतं. हिच्या हाताला दोन वर्सांत एक ओरखडा न्हाई." आणि मग हळूच, "सर, हिला कोरू द्या. असा हात माझ्या उभ्या नोकरीत आला न्हाई." तेव्हा मला बरं वाटलं. पोरीचं कौतुक कुणाला आवडत नाही.

चैत्रात हनुमान जयंतीच्या आधी ऋतुजानं घरी बसून एक ठसा कोरला. तोही माझ्याच न्हाणीघरातल्या स्लीपरवर. मी ओल्या पायानं दुसरी शोधत घरभर फिरलो आणि ही बया मांडी घालून कोरत बसलेली. बाळ मारुती सूर्याकडं झेप घेतो, ते चित्र. वरच्या भोकाचा सूर्य. खालची दोन भोकं म्हणजे अंजनीच्या घराच्या खिडक्या. मारुतीची शेपटी अशी वळवली होती, की मी बघतच राहिलो. मला चित्रातलं कळत नाही, पण ते बघून अंगावर काटा आला, हे खरं.

त्याचा एक छाप मी स्वतः तात्यांना नेऊन दिला. तात्या म्हणजे आमच्या मारुतीच्या देवळाचं सगळं बघणारे गृहस्थ, पंच्याहत्तरीचे. म्हटलं, "शाळेतल्या पोरांनी केलंय." कुणी केलं ते सांगितलं नाही, म्हटलं उगंच आपल्या पोरीचं कशाला मिरवा. तात्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी घरी नेऊन देवघरात लावलं आणि निरोप धाडला, भंडाऱ्याच्या पत्रिकेवर हेच छापू, अजून पन्नास काढून द्या. सरांनी काढून दिले.

तुम्ही म्हणाल, एवढ्या जणांत एकाच्याही डोक्यात आलं नाही? नाही आलं. सरांच्या नाही, माझ्या नाही, पोरीच्या नाही. दोन वर्षं ते सोडा घालून उकळलेले तुकडे बघून बघून आमच्या डोळ्यांना त्यात चप्पल दिसायचीच बंद झाली होती. आम्हाला नुसता ठसा दिसायचा.

तात्यांना दिसली. शनिवारी देवळाच्या पायरीवर बसून ते पत्रिकांचा गठ्ठा बघत होते. घरी जायला निघाले, चप्पल पायात घालायला वाकले, आणि समोर पट्ट्यांची तीन भोकं. वर एक, खाली दोन. हातातल्या पत्रिकेवरही तीच, तशीच. त्यांनी दोन्हीकडं पाहिलं आणि तिथंच बसले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. म्हणाले, "मी त्याला रोज सकाळी हळद-कुंकू वाहत होतो रे, मास्तर." त्यांचे डोळे भरलेले होते. तात्या वाईट माणूस नाही, हे मला आधीच सांगायला पाहिजे होतं.

सोमवारी दहा-बारा जण घेऊन ते शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही सगळे शिक्षक उभे. तरणी पोरं दाराशी गर्दी करून. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम. त्यांनी विचारलं, "हे कुणी कोरलं?"

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं, असं मला वाटतं. त्याआधी सर म्हणाले, "मी."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सर बौद्ध. शाळेत ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही नसते, असं आम्ही म्हणायचो. पण 'मी' म्हटल्याबरोबर दाराशी कुणीतरी बोललं, "मग मुद्दामच केलं असणार." आणि खोलीतली हवा बदलली. तोवर नुसती चूक होती. त्या वाक्यानंतर तो गुन्हा झाला.

मी सरांना ओढून व्हरांड्यात नेलं. "सर, ते ऋतुजानं केलंय. माझ्या घरी बसून."

"माहीत हाय. तिची काडी मी वळखत न्हाई का?"

"मग मी जाऊन सांगतो आत."

"तुमी काही बोलू नका," सर म्हणाले. "तेरा वर्सांची पोरगी हाय. एवढ्या लोकांत उभी केली, तर जन्मात परत कोरणी धरायची न्हाई. माझं काय, बदली होईल. इथं येतो ते दुसरीकडं जाईन. तिचा हात थांबला न्हाई पाहिजे, बस."

मी हो म्हटलं. किती बिगीबिगी हो म्हटलं, ते मला अजून आठवतं.

आता खरं बोलतो. मी आत जाऊन म्हटलं असतं, की ही माझी पोरगी, माझीच स्लीपर, तर काय झालं असतं? गाव दोन दिवस हसलं असतं. मास्तरची येडी पोरगी, म्हटलं असतं. तात्यांनी तिला देवळापुढं पाच दंडवत घालायला लावले असते आणि वर प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं असतं. मी गावचा, माझे भाऊबंद गावात, माझं आडनाव गावाच्या निम्म्या दारांवर. आमच्यासाठी ती चूकच राहिली असती. हे मला व्हरांड्यात उभं असतानाच कळत होतं. तरी मी गुमान राहिलो. पोरीसाठी राहिलो, असं बायकोला सांगितलं. भ्यालो होतो, हे तिलाही कळलं असणार.

तात्यांनी पोरांना आवरलं. म्हणाले, "सरांनी पारावर येऊन माफी मागावी. विषय सपला." दुसऱ्या दिवशी सर पारासमोर उभे राहिले. चपला लांब काढून ठेवल्या होत्या. हात जोडून म्हणाले, "चूक झाली. ध्यानात राहिलं न्हाई. माफ करा." गर्दीतून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं बोला. ते मोठ्यानं बोलले. मी दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून उभा होतो.

नंतर त्या पत्रिकांचं काय करायचं, हा प्रश्न पडला. देव आहे, म्हणून फाडता येईनात, आणि चपलेचा आहे, म्हणून ठेवता येईनात. शेवटी तात्यांनी सगळ्या एका फडक्यात बांधल्या, देवघरातलाही काढून त्यात घातला आणि दुधना नदीत सोडून आले. सोडताना नमस्कार केला म्हणे.

चित्रकलेच्या खोलीतले ठसे शिपायानं पोत्यात भरून नेले. महिन्याभरात सरांची येलदरीकडच्या एका शाळेवर रवानगी झाली. परभणीहून जिंतूर आणि तिथून दुसरी गाडी. जायच्या दिवशी स्टँडवर मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. गाडीत चढताना म्हणाले, "पोरीला कोरू द्या. बाकी काही न्हाई." मी म्हटलं, "हो सर."

घरी ऋतुजा कोपऱ्यात बसलेली. शाळेत तिला पोरांनी सगळं सांगितलं होतं, म्हणजे जेवढं गावाला माहीत होतं तेवढं.

"पप्पा, मारुती त्यांनी केला, असं सर म्हणले का?"

"हो."

"पण तो माझा हाय. सरांनी माझा मारुती स्वतःचा म्हणून कसा सांगितला?"

पोरगी सरांवर रागावली होती. तिला वाटलं, सरांनी तिचं काम चोरलं. दोन वाक्यांत तिचा गैरसमज दूर झाला असता. पण मग ती विचारणार, तुम्ही तेव्हा कुठं होता? मी म्हटलं, "मोठ्यांचं असतं ते. तू अभ्यास कर." आणि तिच्या दप्तरातल्या कोरण्या काढून घेतल्या. परत काही निघायला नको, परत कुणी विचारायला नको. पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला, त्याला देऊन टाकल्या. तिनं एकदाही मागितल्या नाहीत. मला वाटलं, बरं झालं, विसरली.

तीन वर्षांनी माझं जिंतूरला प्रशिक्षण होतं. दुपारनंतर सुट्टी झाली, म्हटलं जाऊन यावं. येलदरीच्या गाडीत बसलो. शाळा छोटी, धरणाच्या जवळ. सर व्हरांड्यातच होते, केस पार पांढरे झालेले. मला बघून उठले, दोन्ही हात धरले, आणि यावेळी पायाकडं पाहिलं नाही.

चहा झाला. त्यांनी खोली दाखवली. तिथल्या पोरांचे बाप धरणात मासेमारी करतात, मासळीच्या बर्फासाठी थर्माकोलची खोकी असतात. त्याच्या झाकणांवर पोरं रिकाम्या रिफिलनं दाबून चित्रं काढतात, शाई फिरवतात, छापतात. भिंतभर मासे, होड्या, जाळी. "इथं भोकं न्हाईत," सर म्हणाले, "पर मोडतंय लय लवकर." मी हसलो. तेही हसले. मग कागद दोरीला टांगता टांगता त्यांनी विचारलं, "ऋतुजा काय कोरायलीय आता? अकरावीला असंल न्हाई का?"

वाटभर मी ठरवलं होतं, माफी मागायची. वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण त्यांनी माफीचं काही विचारलंच नव्हतं. खोटं बोलावं, असं एकदा मनात आलं. पण त्यांनी कागद खाली घेतला होता आणि ते माझ्याकडं बघत होते.

म्हटलं, "नाही सर. तेव्हापासून नाही. कोरण्या मीच काढून घेतल्या."

"अन् मारुतीचं? तिला सांगितलं का, मी का बोललो ते?"

"नाही."

बाहेर पोरं हौदावर हात धूत होती, सर तिकडं बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "मग मी पारावर कशाला उभा राहिलो हो?"

रागावलेही नाहीत. खरंच विचारत होते. पोरं आत आली, तसं त्यांनी लाटणं उचललं आणि शाई फिरवायला लागले. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग त्यांना न सांगताच निघालो.

त्या संध्याकाळी मी ऋतुजाला सगळं सांगितलं. व्हरांडा, पार, स्टँड, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल, नाहीतर भांडेल. ती एवढंच म्हणाली, "मी तीन वर्सं सरांना शिव्या द्यायले, पप्पा." आणि उठून गेली. पुढच्या रविवारी मी परभणीहून कोऱ्या कोरण्या आणल्या, लाकडी पेटीतल्या, चांगल्या. ती पेटी तिनं उघडून पाहिली, एक कोरणी हातात घेतली, परत ठेवली. म्हणाली, "हात कापतोय." नर्सिंगला गेली तेव्हा पेटी घरीच राहिली.

सर आता निवृत्त झालेत. परभणीतच असतात. मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. उचलत नाहीत, असं कधी झालं नाही. माझ्या रक्तदाबाचं विचारतात, शाळेच्या पटाचं विचारतात, तात्यांच्या गुडघ्याचं विचारतात, मावशी अजून खिचडी करतात का, विचारतात. सगळं विचारून होतं. मी अजून थोडा वेळ फोन कानाला धरून थांबतो. पोरीचं ते विचारत नाहीत.